लांडग्याची वाट, धाकट्याचं फाटक

दोन हजार बावीस साली मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळेच्या दाखल्याप्रमाणे सत्तरच, कारण मास्तरांनी आईला विचारलं आणि आईनं बोटावर मोजून काहीतरी सांगितलं, तेच लिहिलं गेलं. तिसरीपर्यंत शिकलो. चौथीला मेंढरांमागं गेलो तो अजून परत आलो नाही. तेव्हा ह्यात चुका सापडल्या तर त्या अक्षराच्या समजा. बाकी सगळं झालेलं आहे.

आमचं घर इंदापूर तालुक्यात, माळाच्या कडेला. घराच्या उगवतीला फॉरेस्टचा मोठा माळ. मावळतीला, बारामतीच्या अंगाला, दुसरा माळ. मी लहान होतो तेव्हा हे दोन माळ वेगळे नव्हतेच. सकाळी मेंढरं घेऊन निघालं की दिवस मावळेपर्यंत पायाखाली कुसळ आणि मुरूम. मग कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, डाळिंबं आली, रस्ता रुंद झाला. मी पाण्याला नावं ठेवत नाही, आमच्या घरानंही ते पाणी प्यायलंच. पण माळ मधूनच कापला गेला. दोन तुकड्यांमध्ये एकच पट्टा तसाच राहिला, ओढ्याच्या काठानं गेलेला, निव्वळ दगडगोट्यांचा. तो पट्टा आमच्या बाचा.

त्या पट्ट्यातून आमची मेंढरं जायची आणि लांडगे जायचे. बा त्याला लांडग्याची वाट म्हणायचा. वर्षातून एखाददुसरं कोकरू लांडगा न्यायचा. आई रडायची. बा म्हणायचा, "त्याचा वाटा त्यानं नेला. आपल्या आधीपासनं तो हितं हाय." काठी घेऊन मागं धावायचा जरूर, पण मनापासून नाही.

बा जायच्या आधी आम्हा दोघा भावांना त्यानं जवळ बसवलं. मी थोरला, दुसरा माझ्याहून आठ वर्षांनी धाकटा. पट्ट्याचे दोन तुकडे केले. घराजवळचा उगवतीचा मला, पलीकडचा मावळतीचा धाकट्याला. मग देवापुढचा भंडारा आमच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "ही वाट नांगरायची न्हाय, तार मारायची न्हाय. उचला." आम्ही दोघांनी भंडारा उचलला. आमच्यात ह्याच्यापुढं कागद लागत नाही. कोर्टात खोटं बोलणारा माणूससुद्धा हातात भंडारा घेऊन खोटं बोलत नाही, असं मी बावीस सालापर्यंत समजत होतो.

धाकटा पुढं जळोचीला राहायला गेला. पोरांच्या शाळा, मग पोरांच्या नोकऱ्या, मग बंगला. मी माळावरच राहिलो. दोनशे मेंढरांची वीस झाली. पण कुत्रं मात्र कधी कमी केलं नाही. आमच्या घरात कुत्रं बांधायची रीत नाही. बांधलेलं कुत्रं राखण विसरतं, त्याची छाती जाते, असं आम्ही मानतो. तेव्हाचं माझं कुत्रं काळपट, पुढचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, आणि शेपूट मधेच वाकडी, कारण लहानपणी ती बैलगाडीच्या चाकाखाली आली होती. अख्ख्या शिवारात त्याच्यासारखं कुत्रं नाही, हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचो.

बावीसच्या आदल्या वर्षापासून एक पोरगी स्कूटीवर यायला लागली होती. पुण्याची, लांडग्यांवर शिकणारी. मला आबा म्हणायची. सकाळी माळावर वाकून वाकून लांडग्याची विष्ठा गोळा करायची आणि पिशवीत भरून वर तारीख लिहायची.

मी पहिल्या दिवशी म्हणालो, "बाई, आईबापानं एवढं शिकवलं ते हे गोळा करायला?"

"ह्याच्यातनं लांडग्याचं घराणं कळतं आबा."

"घराणं मला इचार की. फुकट सांगतो."

ती खरंच विचारायची. मी माग दाखवायचो, बिळं दाखवायचो. एकदा तिनं मला समजावायला घेतलं. म्हणाली, "आबा, जनावर किती उरलं हे तर बघावंच लागतं. पण त्याची जागा आक्रसली, तुकडे झाले, एका तुकड्यातलं जनावर दुसऱ्या तुकड्यात जाईनासं झालं, की आतल्या आतच जोड्या लागतात. रक्तात नवं काही येत नाही. दिसायला कळप धडधाकट दिसतो, पण आतून पोखरत जातो. रोग आला तर सगळ्यांना एकदम लागतो."

मी म्हणालो, "आता माझं ऐक."

आणि तिला बाच्या एडक्याची गोष्ट सांगितली. बाच्या कळपात एक एडका होता, वळलेल्या शिंगांचा, जत्रेत लोक बघायला थांबायचे. मेंढपाळाची रीत अशी की दोन-तीन वर्षांनी नर बदलायचा. आपला एडका दुसऱ्याच्या कळपात द्यायचा, त्याचा आपल्यात आणायचा, म्हणजे बापाची गाठ लेकीशी पडत नाही. पण बाला त्या एडक्याचा गर्व. "माझ्या एडक्याच्या बदल्यात द्यायजोगता एडका कुणाकडं हाय का?" म्हणायचा. सहा वर्षं बदलला नाही. मग कोकरं अशी निपजायला लागली की खालचा जबडा आखूड. आईची कास तोंडात धरता यायची नाही. मी आणि आई वाटीनं दूध पाजायचो तरी मरायची. एका सकाळी बा उठला, एडक्याच्या गळ्यात दोरी घातली आणि चालत सांगवीला गेला. तिथं उसाच्या मोकळ्या रानात एक कळप बसला होता. ज्या माणसाला बा वर्षभर हसत होता, त्याच्याच दारात जाऊन एडका बदलून आला. पुढच्या सालची कोकरं नीट झाली.

पोरगी बराच वेळ लिहीत होती. मी विचारलं, "बरूबर का चूक?"

"हेच आबा. तंतोतंत हेच."

"मग पुण्याला जाऊन सांग, म्हाताऱ्यानं शिकवलं म्हनून."

ती हसली. मग म्हणाली, "म्हणून तुमची वाट महत्त्वाची. ह्या माळाचा एडका बदलायची तेवढी एकच जागा उरलीय."

त्या दिवशी मी घरी आलो तो छाती काढून. बानं भंडारा उचलायला लावला तो कशासाठी, हे पुण्याची शिकलेली माणसं आता मशिनीतून शोधत होती.

बावीसच्या पावसाळ्यात आमच्या माळावरचा मोठा नर हायवेवर गाडीखाली गेला. पोरगीनं फोन केला, मी जाऊन पाहिला. ओळखीचा होता. मागं एक लांडगीण राहिली आणि तिची मागच्या वर्षीची दोन पिल्लं, दोन्ही नर. पोरगी म्हणाली, आता पश्चिमेकडनं एखादा नवा नर आला तर बरं. नाही तर ही लांडगीण आपल्याच पिल्लांशी जोडी लावेल, किंवा कुत्र्याशी.

मी म्हणालो, "लांडगीण कुत्र्याला हुंगत न्हाय."

"एकटी पडली की हुंगते आबा."

"आमच्या माळावरची न्हाय."

दसऱ्याला धाकटा घरी आला. दरवर्षी यायचाच. मला आपट्याची पानं दिली, पाया पडला, म्हणाला, "दादा, सोनं घ्या, सोन्यासारखं ऱ्हावा." जेवला. पुरणपोळी दोनदा मागून घेतली. जाताना माझ्या कुत्र्याच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाला, "ह्यो अजून तसाच तगडा हाय की!" हे सगळं मी एवढं लिहितोय कारण त्यातलं एकेक मला नंतर पुन्हा पुन्हा आठवलं.

चार दिवसांनी त्याच्या तुकड्यावर ट्रक आले. सिमेंटचे खांब, जाळीची भेंडोळी. मी पळत गेलो. एक माणूस उभा होता, पोल्ट्रीचा मॅनेजर. म्हणाला, जागा दहा वर्षांच्या कराराने घेतलीय.

"कधी?"

"झाले की दोन महिने. श्रावणात सह्या झाल्या. तुम्हाला माहीत नाही? मालक तुमचे भाऊच ना?"

म्हणजे तो आपट्याची पानं हातात देत होता तेव्हा सह्या होऊन गेल्या होत्या. पुरणपोळी मागत होता तेव्हा होऊन गेल्या होत्या.

मी एस.टी.नं बारामतीला गेलो, तिथून रिक्षानं जळोची. धाकटा बंगल्याच्या व्हरांड्यात झोपाळ्यावर बसला होता. मला बघून उठला. त्याच्या बायकोनं डोक्यावर पदर घेतला आणि पाणी आणलं. मी तांब्याला हात लावला नाही.

"भंडारा उचलला व्हतास का न्हाय?"

"दादा, आधी बसा तर."

"उचलला व्हतास का न्हाय?"

"उचलला. बा मरत व्हता, न्हाय कसं म्हननार? पर तवा आपल्याकडं मेंढरं व्हती. आता कुनाच्या मेंढरांसाठी वाट ठिवायची?"

"लांडग्यासाठी."

तो हसला. मुद्दाम नसेल, पण हसला. "दादा, लांडग्यासाठी जमीन पडीक ठिवली, आसं मी सोसायटीत सांगितलं तर लोक मला येड्यात काढतील. सगळ्या गावाची रानं बागायत झाली. आपलीच तेवढी धोंड्याची. माझ्या पोरांनी काय लांडगं पाळायचं?"

"मला सांगायचं तरी व्हतंस. दसऱ्याला माझ्या ताटात जेवलास."

त्यानं झोपाळ्याची कडी धरली. मग हळूच म्हणाला, "सांगितलं आसतं तर तुमी करू दिलं आसतं व्हय?"

हे खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी उभ्या उभ्याच बोललो, "आजपासनं तुझ्या त्या बांधावर माझं पाऊल पडलं, तर बाचं नाव लावनार न्हाय." त्याची बायको म्हणाली, "भाऊजी, आसं नका बोलू." मी निघालो. रिक्षाही केली नाही, बारामतीच्या स्टँडपर्यंत चालत आलो.

पंधरा दिवसांत जाळी पूर्ण झाली, ओढ्याच्या पात्रातूनसुद्धा. आणि त्याच आठवड्यात तो आला. नवा नर. उंच, भुरकट, एक कान फाटलेला. पोरगीनं दुर्बिणीतून दाखवला. धाकट्याच्या तुकड्याच्या पलीकडं, जाळीच्या कडेनं तो चालत होता. उत्तरेला उसापर्यंत जायचा, परत फिरायचा, दक्षिणेला रस्त्यापर्यंत जायचा, परत फिरायचा. अलीकडं माझ्या तुकड्यात लांडगीण बसलेली असायची, कान उभे करून. तीन सकाळी आम्ही हे बघितलं. चौथ्या सकाळी तो नव्हता.

पोरगीनं दुर्बीण पिशवीत घातली. तिचे डोळे भरले होते. मी तिच्या नजरेला नजर दिली नाही. माझ्या धाकट्यानं केलं होतं, मी काय बोलणार?

शेड उभं राहिलं. कोंबड्या आल्या. रोज काही मरायच्याच, त्या मेलेल्या कोंबड्या कामगार जाळीच्या बाहेर, माझ्या बाजूला ओढ्यालगत खड्ड्यात टाकायचे. आठवड्यात सगळ्या शिवाराची कुत्री तिथं जमली. माझ्या कुत्र्यानं भाकरी खायची सोडली. मला वाटलं म्हातारं झालं. मी दुधात भाकरी कुस्करून द्यायचो, ते हुंगायचं आणि निघून जायचं. मेंढरं राखायला वीसच, त्यात त्याला काय काम? दिवस-दिवस दिसायचं नाही. तरी मी त्याला बांधलं नाही. शेजारी म्हणाला, "तात्या, तुमचं कुत्रं खड्ड्यावर असतंय." मी म्हणालो, "माझं कुत्रं मेलेलं खात न्हाय." त्याला आणखी दोन-चार शब्द ऐकवले.

तेवीसच्या शिमग्याच्या आसपास पोरगीनं मला बिळापाशी नेलं. लांब बसून बघितलं. लांडगिणीची चार पिल्लं बाहेर खेळत होती. मी हरखलो. मग नीट बघितलं. एक काळपट होतं, कान पडलेले. दुसऱ्याचे पुढचे पाय गुडघ्यापर्यंत पांढरे.

पोरगीनं फोनवर फोटो दाखवला. तिनं खड्ड्याजवळ झाडाला कॅमेरा बांधला होता. फोटोत लांडगीण होती आणि तिच्याजवळ एक कुत्रं पाठमोरं. तोंड दिसत नव्हतं. शेपूट दिसत होती, मधेच वाकडी.

"आबा, हे कुत्रं कुणाचं असेल? कळलं तर त्याचं ऑपरेशन करून घेता येईल. नाही तर पुढच्या वर्षी परत हेच. दोन-तीन वर्षांत ह्या माळावर लांडगा दिसेल, पण तो लांडगा नसेल."

माझ्या घरी ती वर्ष-दीड वर्ष येत होती. पण कुत्रं तिच्या स्कूटीच्या आवाजानं लांब पळायचं, तिनं ते धड कधी बघितलं नव्हतं. मी फोटो हातात धरून म्हणालो, "पोल्ट्रीवरचं आसंल."

असं का बोललो, ते मला तेव्हाही कळत होतं. धाकट्याचं पाप धाकट्याच्याच पदरात राहावं म्हणून. माझं कुत्रं मेलेलं खात नाही, हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. बांधून कुत्रं पाळणाऱ्यांना मी हसलो होतो.

दुपार कलायच्या सुमारास ती परत आली. स्कूटी धड उभी न करताच उतरली. "आबा, मी मॅनेजरशी बोलले. म्हटलं तुमची कुत्री आवरा आणि खड्डा बुजवा. तो म्हणतो आमचं एकही कुत्रं नाही. सगळी भटकी आहेत, उद्या खड्ड्यात औषध टाकतो, एका दिवसात कटकट मिटेल."

"मग मरूंदेत कुत्री."

"लांडगीणपण तिथंच खाते ना आबा! ती खाईल आणि बिळात पिल्लांना नेऊन घालेल. मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, आधी कुत्र्याचा मालक दाखवा, मग बोलू. फॉरेस्टच्या साहेबांचा फोन लागेना, उद्या दुपारपर्यंत येतील म्हणतायत."

ती पुन्हा फोन लावत निघून गेली. मी ओट्यावर बसून राहिलो. दिवस मावळताना कुत्रं आलं, माझ्या पायाशी बसलं. तोंडाला पिसं चिकटलेली होती. मी ती एकेक करून काढली. त्याला मारावं असं मनात आलं होतं, पण हात उचलला नाही. त्याला कुणी भंडारा उचलायला लावला नव्हता. त्याला मोकळं मीच सोडलं होतं, आणि वर त्याची फुशारकीही मीच मारली होती.

धाकट्यावरचा राग कमी झाला नाही. अजूनही नाही. दसऱ्याला आता तो येत नाही, आणि आला तरी मी पानं घेणार नाही. पण त्या संध्याकाळी मला सारखा बा दिसत होता, एडक्याच्या गळ्यात दोरी घालून सांगवीच्या रस्त्याला लागलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मेंढरांच्या खुंट्याचं दावं सोडलं आणि कुत्र्याच्या गळ्यात घातलं. आधी ते अंग टाकून बसलं, चालेना. मग निमूट मागून आलं. माझ्या तुकड्यातून ओढ्याच्या काठानं गेलो. धाकट्याच्या फाटकाशी थांबलो. मग आत पाऊल टाकलं. कामगार बघत राहिले. मॅनेजर शेडमधून बाहेर आला, हातात बादली होती.

"काय आबा, इकडं कसं?"

मी म्हणालो, "मालक दाखव म्हनालास न्हवं? ह्यो बघ कुत्रा आन् ह्यो बघ मालक. माझं हाय. आज इंदापूरच्या जनावरांच्या दवाखान्यात नेतोय. औषध टाकायचं न्हाय."

तो कुत्र्याकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "आणि बाकीच्या कुत्र्यांचं काय? खड्डा आहे तोवर ती येणारच."

मी दावं फाटकाच्या खांबाला बांधलं, बाह्या मागं सारल्या आणि म्हणालो, "फावडं दे."